मिशी गेली, वडील आहेत

माझे वडील हयात आहेत. हे विधान मी पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे. आणि ते करण्याची पाळी माझ्यावर केवळ एका वस्तऱ्यामुळे आली.

मी सेनगावला तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्ज लिहितो. शिक्षण नववी (परीक्षेस बसलो होतो, हे महत्त्वाचे). तालुक्यातील निम्म्या तक्रारींना भाषा माझी आहे. त्यांपैकी एक तक्रार दत्ता सलूनवाल्याच्या टपरीविरुद्ध होती. अर्जदार दुसराच होता. परंतु ‘सदर टपरी म्हणजे रहदारीच्या गळ्यातील धोंड होय’ असे वाक्य सेनगावात दुसरे कोण लिहिणार? दत्ताने ते तत्काळ ओळखले. ज्याच्याविरुद्ध अर्ज लिहिला, त्याच्याच हाती आपला गळा द्यावा, इतका माझा कायद्यावर विश्वास नाही!

आणि रविवारी तर माझ्या लेकीला, वैशालीला, पाहायला कळमनुरीचे पाहुणे यायचे होते. मुलाचा फोटो पाहून तिने नाक मुरडले नाही, असे हे पहिलेच स्थळ. बापाची दाढी वाढलेली चालणार नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी मी पेटीतून वडिलांचा जुना वस्तरा काढला. वडील गावी, शिरड शहापूरला असतात आणि या वयातही आरशाविना वस्तऱ्याने दाढी करतात. रक्त तेच, मग हात वेगळा कसा असेल?

“त्यापरीस दुकानातून पिलास्टिकचं आणा की,” आमची ही म्हणाली.

“प्लास्टिकने पोरे दाढी करतात. पुरुषाचा हात वस्तऱ्यावर कळतो.”

“व्हय, आन् दवाखान्यात बी कळतो!”

मी दुर्लक्ष केले. धार लावण्यासाठी चामड्याचा पट्टा लागतो, असे मोबाइलवर पाहिले होते. घरात चामड्याचा पट्टा एकच, तोही माझ्या कमरेला. तो सोडून खिळ्याला अडकवला आणि वस्तरा असा जोमात घासला की पँट गुडघ्यांशी येऊन थांबली. तेथेच मीही थांबायला हवे होते.

वस्तरा गालाशी जवळजवळ निजवून धरायचा असतो, हे मला नंतर कळले. माझ्या हाताला वळण पेनाचे. मी तो उभा धरून थेट मजकुराला सुरुवात केली! पहिल्याच ओळीत गालावर लाल शाई फुटली. दुसऱ्या ओळीला स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली आणि मिशीचे उजवे टोक बेसिनमध्ये पडले. मग डाव्या बाजूला दुरुस्ती केली. ती अंमळ जास्त झाली. मग उजवीकडे फेरदुरुस्ती. शेवटी नाकाखाली माशीएवढी मिशी उरली, तेव्हा ती माशीही उडवली.

“आप्पा!” वैशाली दारातच थबकली. “मिशी कुठंय?”

“काढली.”

“काढली का गेली?”

आमच्या हिने मात्र तोंडावर हात मारून घेतला. “अवो, बाप जित्ता असताना मिशी उतरवली तुमी! लोकं काय म्हणतील? आज घराबाहेर पाय टाकू नका.”

आमच्याकडे मिशी साफ उतरते ती वडील गेल्यावरच, हे मला ठाऊक होते. परंतु बायकोच्या सांगण्यावरून घरात बसणे हे माझ्या पदाला शोभले नसते. कापलेले गाल झाकण्यासाठी पांढरा टॉवेल डोक्यावरून घेतला (दुसरा अविचार!) आणि चौकात गेलो.

मला पाहताच हॉटेलवाल्याने मोबाइलवरचे गाणे बंद केले. “आप्पा... बापू गेले?”

आता खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. परंतु आदल्याच दिवशी याच बाकड्यावर बसून मी ‘वस्तरा कसा धरावा’ यावर चौघांना व्याख्यान दिले होते. मी खाली पाहिले आणि उसासा सोडला. उसासा कबुलीत धरला जातो, हे मला तरी कळायला हवे होते!

दुपारपर्यंत ओटा भरला. शेजारची गंगूमावशी पदर डोळ्यांना लावून सांगत होती, “माझ्या हातचं पिठलं लई आवडायचं बापूंना!” (वडिलांना पिठल्याचा वास सोसत नाही.)

मग कळमनुरीहून फोन आला. “कळलं आमाला. आता वरीसभर तुमच्या घरी शुभकार्य व्हायचं न्हाई. आमी पोरासाठी दुसरीकडं बघितलं तर राग मानू नका.”

वैशाली समोर उभी होती. हातात उद्याची इस्त्री केलेली साडी. “आप्पा,” ती म्हणाली, “लोकांसाठी एवढं लिहिता. माझ्यासाठी एक खरं वाक्य बोला.”

फोन अजून चालूच होता. मी बोललो. “पाहुणे, वडील जिवंत आहेत. मिशी माझ्याच हातून कापली गेली.”

पलीकडून हळुवार आवाज, “दुःखात माणूस कायबी बोलतो, आप्पा. पाणी प्या.” फोन बंद!

म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यांचे अर्ज लिहिताना मी नेहमी बजावतो की माणूस समक्ष उभा पाहिजे. वडिलांना आणायला निघणार, तोच दारात जीप थांबली. मयतीच्या बातमीची शहानिशा करायला आलेल्या शिरडच्या माणसांनी ती गच्च भरली होती आणि पुढच्या सीटवर, काठी टेकून, खुद्द मयत!

“काहून रे, मला मारून मोकळा झाला? जीपवाला मलाच इचारून राहिला, मयतीला किती जण येणार म्हणून!”

वैशालीने धावत जाऊन कळमनुरीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आजोबांपुढे धरला.

“राम राम पाहुणे,” वडील म्हणाले. “मी बराबर हाय. या येड्यानं वस्तरा उभा धरला, एवढंच मेलं.” आणि माझी मान धरून माझा गाल पुराव्यादाखल पडद्यापुढे आणला.

पलीकडे असा हशा उसळला की फोन हातातून पडता पडता राहिला. रविवारी पाहुणे आले. पसंती झाली. निघताना मुलाचे वडील एवढेच म्हणाले, “एक अट हाय, आप्पा. लग्नाच्या दिवशी दाढी सलूनात करा. मांडवात सुतक नको.”

म्हणून लग्नाच्या सकाळी मी दत्ताच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलो. त्याने शांतपणे फेस लावला, वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवला आणि विचारले, “आप्पा, ते रहदारीच्या गळ्यातल्या धोंडीचं काय करायचं?”

टपरी कायम ठेवण्याबाबतचा नवा अर्ज मी तेथेच, मान न हलवता, तोंडी सांगितला. जाणकार म्हणतात, माझ्या आजवरच्या लेखनात इतकी नम्र भाषा कोठेही आढळत नाही.