कागदावरची पन्नाशी

झुनिल्दा वेनचुमिलचा आवाज तेमुको शहराच्या बाजाराबाहेर तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा. कोथिंबीर, मटार, घरची अंडी आणि धुरावलेल्या मिरचीची पूड घेऊन ती फुटपाथवर बसायची. पोलीस उठवायला आला की म्हणायची, "घे, उचल टोपली! आणि बायकोला सांग, गरीब बाईची हिसकावलेली कोथिंबीर आहे, पोटभर खा म्हणावं!" त्रेपन्न वर्षांची बाई, पण तोंड असं, की पोलीसच गल्ली बदलायचे. शेजारी तिची धाकटी बहीण ऑर्फेलिना मुकाट्यानं जुड्या बांधत असायची. दोघींच्या वाट्याचं सगळं बोलणं झुनिल्दाच बोलायची.

एवढा राग उगाच नव्हता. त्यांची आई पित्ताशयाच्या गाठीनं गेली. आधी अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. मावशीचंही तेच. त्यांच्या मापुचे आदिवासींत, त्यातून बायकांत, हे मेलं दुखणं घरोघरी. पित्ताचे खडे होतात, वर्षानुवर्षं आत घासत बसतात, आणि एखादीच्या पित्ताच्या पिशवीत गाठ धरते. दुखतं ते खड्यांनी. गाठ गुपचूप वाढते. म्हणून तर सरकारनं हमी दिलेली: पस्तीस ते एकोणपन्नास वयात खडे सापडले, की ठरल्या दिवसांत ऑपरेशन करून पिशवी काढायची. झुनिल्दाची अशीच सेहेचाळिसाव्या वर्षी काढली होती. पन्नाशी उलटली की मात्र सगळ्यांच्या रांगेत उभं राहायचं, आणि त्या रांगेला शेपूट आहे की नाही हे देवालाच ठाऊक.

एप्रिलमध्ये ऑर्फेलिना भर बाजारात पोट धरून खाली बसली, ओकली आणि उठेचना. सोनोग्राफीत पिशवी खड्यांनी गच्च भरलेली निघाली. झुनिल्दा कागद फडकवत इस्पितळाच्या खिडकीशी गेली.

"हमीत बसत नाही, सेन्योरा," आतला कारकून म्हणाला. "पन्नास पूर्ण झालीत."

"कुणाला? हिला? अहो, अठ्ठेचाळीस आहे ती! मी खेळवलीय तिला कडेवर."

"ओळखपत्रावर पन्नास आहे."

ओळखपत्रात चूक होती, आणि ती त्यांच्या बापाची होती. हिच्या आधी एक ऑर्फेलिना जन्मली होती, ती वर्षाची होऊन खोकल्यानं गेली. पुढच्या वर्षी पुन्हा मुलगी झाली. नोंदणीची कचेरी बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. बाप म्हणाला, नाव तेच ठेवू, कागद तयार आहे, बैल कशाला दमवायचे? तिकडच्या कितीतरी घरांत तेव्हा असंच चालायचं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मेल्या लेकराची दोन वर्षं अशी जित्या लेकराच्या मानेवर बसली. बाप मरून सुटला, नाहीतर झुनिल्दानं त्याला त्या दिवशी सोडला नसता.

"कोर्टातून तारीख बदलून आणा," कारकून म्हणाला.

"आणते ना! आणि तोवर हिच्या पोटातल्या खड्यांना तू सांग, कागद येईस्तोवर गप्प बसा म्हणून! ते काय ओळखपत्र बघून दुखतात का रे?"

रांगेतल्या बायका हसल्या. कारकुनानं खिडकी ओढून घेतली. झुनिल्दा वकिलाकडे गेली, वकिलावर ओरडली. कोर्टात जन्माचा साक्षीदार आणा म्हणाले. आई मेलेली, सुईण मेलेली. चर्चच्या वहीत एकच ऑर्फेलिना सापडली, आणि ती पहिली. झुनिल्दा पाद्र्यावरही ओरडली. गावच्या दवाखान्यातल्या नर्सला तर तिनं रडवलं. ऑर्फेलिना प्रत्येक ठिकाणी दाराशी उभी असायची, पोटाला हात लावून.

सगळ्यांच्या रांगेतून नंबर लागला तो चौदा महिन्यांनी. पिशवी निघाली, तीन दिवसांत ऑर्फेलिना घरी आली. झुनिल्दानं कोंबडी कापली. सहा आठवड्यांनी इस्पितळातून फोन आला: दोघी या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण टाळाटाळ करणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, "काढलेली पिशवी आम्ही प्रयोगशाळेत चिरून बघतो. तुमच्या पिशवीच्या भिंतीत गाठ होती. कॅन्सरची."

"मग काढली ना पिशवी? गेली ना ती?" झुनिल्दानं विचारलं.

"आतल्या अस्तरापुरती असती, तर गेली असती. ही भिंत ओलांडून लिव्हरच्या बाजूला उतरलीय. आणखी एक मोठं ऑपरेशन करावं लागेल, लिव्हरचा तुकडा काढून. मग औषधं. तरी मी खात्री देत नाही."

झुनिल्दा उठलीच. "बघा! चौदा महिने! त्या खिडकीतल्या मेल्याला बोलवा इथं! माझ्या बहिणीला मारलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून, एका कागदापायी!"

डॉक्टरीणबाईंनी तिला बोलू दिलं. त्यांनाही राग आला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. मग त्यांनी फाइल ओढली. "चौदा महिने फार झाले, हे मी लिहून देते. पण मला सांगा, दुखणं सुरू कधी झालं?"

"सात वर्षं झाली," ऑर्फेलिना म्हणाली. त्या खोलीत ती पहिल्यांदाच बोलली होती.

"सात?" बाईंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे कागदावरसुद्धा चव्वेचाळीसच. हमीत बसत होतात की! तेव्हा का नाही आलात?"

झुनिल्दाला सगळं आठवलं. त्याच्या वर्षभर आधी तिचं स्वतःचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा महिनाभर दुकान ऑर्फेलिनानं एकटीनं सांभाळलं होतं. नंतर ऑर्फेलिनाचं पोट दुखायला लागलं, तर झुनिल्दा म्हणाली, बोल्दोच्या पाल्याचा काढा घे, उतरेल. मटाराचा हंगाम जाऊ दे, मग जाऊ. चेरी संपू दे. जत्रा होऊ दे. आईचं झालेलं बघूनसुद्धा! काढा ती स्वतःच्या हातानं उकळून द्यायची, साखर घालून, आणि वर म्हणायची, नखरे करू नकोस.

"मी..." झुनिल्दा म्हणाली. "मीच. काढा मीच..." तिनं कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा. "मी खाल्लं माझ्या बहिणीला!"

"झालं तुझं?" ऑर्फेलिना म्हणाली.

आवाज असा होता, की झुनिल्दा थांबली. बहीण तिच्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, संतापली होती.

"आता स्वतःवर ओरड. तेही तूच कर. माझ्या नावानं अख्ख्या गावावर ओरडलीस, लामंगेन, मोठी बहीण म्हणून. कोर्टात, चर्चमध्ये, सगळीकडे. सात वर्षांत एकदा, एकदा तरी मला विचारलंस का गं, किती दुखतंय?"

झुनिल्दा खुर्चीवर बसली. मग तिनं बहिणीचा हात धरला आणि हळूच विचारलं, "किती दुखतंय?"

"खूप," ऑर्फेलिना म्हणाली. "खूप दुखतंय, ताई."