आत्या पिकअप घेते

गाडी विकणाऱ्या कुठल्याही माणसाला तासाभरात पाणी मागायला लावील अशी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. गुंजवण्याला तिची भातशेती. साठी उलटल्यावर तिने जाहीर केलं, की आपला तांदूळ यापुढे भाड्याच्या टेम्पोतून जाणार नाही. पिकअप घ्यायची आणि ती आपणच चालवायची. थोरले दीर कडाडले, "बाईमाणसानं टेम्पो चालवायचा?" आत्या म्हणाली, "टेम्पोला कुठं ठावं असतंय, कोन चालवतंय ते?" आणि दुसऱ्या दिवशी भोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कॉलेजच्या पोरींशेजारी जाऊन बसली. लायसन हातात पडल्यावर तिने मला पुण्याहून बोलावून घेतलं. मला वाटलं, सल्ल्यासाठी.

तीन कंपन्यांच्या तीन पिकअप बघायच्या होत्या. पहिल्याच शोरूममध्ये सेल्समन माझ्याकडे वळून "सर, मायलेज..." असं सुरू झाला, तेव्हा आत्याने माझा दंड धरून मला पाण्याच्या फिल्टरपाशी नेऊन उभं केलं. "आता बोल," ती त्याला म्हणाली. त्याने मोठा स्क्रीन दाखवला, मागचं दाखवणारा कॅमेरा दाखवला. "मागं बघाया देवानं मान दिलीया. पुढची काच फुटली तर कितीला पडंल ते सांग." किंमत काढायची तिची पद्धतच ती. गाडीची किंमत शेवटी. आधी काच, दिवा, आरसा, क्लचप्लेट. सगळ्यात स्वस्त गाडीचे सुटे भाग सगळ्यात महाग निघाले, तेव्हा तिने त्या सेल्समनकडे असं काही पाहिलं, की तो बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

टिकाऊपणाचा निकाल तर तिने शोरूमवर सोडलाच नाही. कामथडीला हायवेलगत एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. तिथल्या बाकावर ती डबा घेऊन तीन दिवस बसली. येणाऱ्या प्रत्येक पिकअपच्या मालकाला गाडी किती वर्षांची, दुखणं कधीपासून, आधी कुणाला दाखवलं, असं डॉक्टरीणबाईसारखं विचारायची. तिसऱ्या दिवशी तिने विजयी मुद्रेने सांगितलं, "ती लांब नाकाची एकदाबी हितं आली न्हाई. तीच घ्यायची." मिस्त्री हात पुसत म्हणाले, "आत्या, तिचं पार्ट हितं मिळत न्हाईत. बिघडली की पुन्यालाच वढून न्यावी लागती. मंग हितं कशी दिसंल?" आत्याने डबा बंद केला. मग म्हणाली, "म्या चुकले." हे वाक्य तिच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं; पुन्हा ऐकेन असंही वाटत नाही.

उरल्या दोन. पुन्हा शोरूम. पहिलीच्या शोरूममध्ये आत्या मागे माल भरायच्या हौद्यात चढली आणि नऊवारी सावरत, पाय लांब करून सरळ आडवी झाली. माणसं जमली. मॅनेजर धावत आला. "आजी, काय करताय?"

"मानूस आडवा मावतो का बघतीया."

मला हसू फुटलं आणि तसंच विरलं. दोन वर्षांपूर्वी मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, छातीत कळ आली, तेव्हा नसरापूरचा भाड्याचा टेम्पो "निघालो, निघालो" म्हणत दुपारपर्यंत आलाच नव्हता. मामा घरातच गेले. त्यावर आत्या कधी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. दुसरीच्या शोरूममध्येही तसंच निजून पाहिल्यावर त्या गाडीवर थाप मारून एवढंच म्हणाली, "हीच. हिच्यात पाय दुमडावं लागत न्हाईत."

आता वाडीत कुणाला दुखलंखुपलं, की माणसं आधी आत्याचं दार वाजवतात. परवा थोरले दीरही गुडघा दाखवायला तिच्या शेजारी बसून भोरला गेले. वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून, पण गेले. मागच्या आठवड्यात तांदूळ पोचवायला मी तिच्याबरोबर सारोळ्याला गेलो होतो. रिकाम्या गाडीतून परतताना सहज विचारलं, "आत्या, मामा घाबरले असते का गं, तुझ्या शेजारी बसायला?"

तिने गिअर बदलला. "लई," म्हणाली. मग बरंच अंतर गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता, हळूच म्हणाली, "पर बसले असते."