आमच्या पोरीचं पहिल्या हिवाळ्यातलं मरण

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनला, सनाबिसमध्ये राहायचो. आमचे हे एका इंग्रज कंपनीत अकाउंटंट. फी कंपनी भरायची, म्हणून पोरगी जनाबियाकडच्या इंग्रजांच्या शाळेत. शाळा त्यांची, तर इतिहासही त्यांचाच. त्या वर्षी वर्गाचं नाटक बसत होतं ते अमेरिकेत पहिल्यांदा जाऊन वस्ती केलेल्या इंग्रजांचं. जहाजातून उतरले, पहिल्या हिवाळ्यात निम्मे उपाशी मेले, उरलेल्यांना तिथल्या मूळच्या लोकांनी मका लावायला शिकवला, मग पीक आलं, मग सगळ्यांचं जेवण. आमच्या कन्येला पहिल्याच हिवाळ्यात मरायचं होतं. एक वाक्य बोलायचं आणि मरायचं.

ती जेवताना हे सगळं रंगवून सांगत होती, तर ह्यांनी वरणात भात कालवत विचारलं, "ते ठीक आहे. पण त्यांचा स्पॉन्सर कोण होता?"

"पपा, इट्स नॉट फनी!"

"फनी कसलं? व्हिसा कुणी दिला? बिनव्हिसाचे घुसले आणि देश घेऊन बसले. आपण रीतसर आलोय, तरी दर रिन्युअलला रांगेत उभे."

मला मात्र, खरं सांगते, त्या लोकांची थोडी दया आली. आपल्या गावाचं नाव नव्या गावाला दिलं, आपलंच बी नेऊन पेरलं, आणि ते मेलं उगवेना. मीही आल्या आल्या बाल्कनीत कोल्हापूरची मेथी पेरली होती. जूनच्या उन्हात तिचा कोळसा झाला. आणि शाळेतल्या त्या मडमा तरी वेगळं काय करत होत्या? अंडी उबतील असल्या उन्हात हिरवळीला पाणी पाजायच्या आणि दुपारी उकळता चहा प्यायच्या. माणूस कुठंही जाऊ दे, आपलं गाव डोक्यावर घेऊनच जातो.

आमचं गाव त्या वेळी आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर पाय घेऊन बसलं होतं. म्हणजे सासूबाई. त्या पहिल्यांदाच विमानात बसल्या होत्या, त्या फक्त नातीसाठी. तिच्याशी चार गोष्टी बोलाव्यात, एवढीच हौस. पण पोरीला मराठी सगळं कळायचं, तोंडातून निघायचं फक्त इंग्रजी. आजी म्हणायची, "ये बाय, वेणी घालते." ही म्हणायची, "नो थँक्स." आजी विचारायची, "शाळेत काय झालं गं?" ही म्हणायची, "नथिंग."

एक दिवस सासूबाई माझ्यावर भडकल्या. "आमच्याकडं कुत्र्याशी इंग्रजी बोलत्यात. कम, गो, सिट. तुझी पोरगी माझ्याशी तसंच बोलती. मी काय दारातलं कुत्रं हाय व्हय?"

मी पोरीला रागावले, लाडीगोडी लावली, चॉकलेटची लाच दिली. सगळं मुसळ केरात. व्हिजिट व्हिसा संपत आला. नाटक गुरुवारी आणि सासूबाईंचं विमान शुक्रवारी. पोरगी म्हणाली, "आजी वोंट अंडरस्टँड एनिथिंग." मला असा संताप आला! म्हटलं, आजी येणार म्हणजे येणार, आणि पुढच्या रांगेत बसणार.

बसल्या. नऊवारी, मोठं कुंकू, मांडीवर पिशवी. ह्यांनी मागे उभं राहून व्हिडिओ कॅमेरा लावला. जहाज आलं, पुठ्ठ्याचं. कापसाचा बर्फ पडला. आमची पोरगी पांढरी टोपी घालून पुढे आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मदर, आय ॲम सो हंग्री." तिच्या नाटकातल्या आईनं रिकामी वाटी उलटी करून दाखवली.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

"भूक लागलीय म्हणते," मी सांगितलं. काय गरज होती मला!

पोरगी आडवी झाली आणि मेली. मला भरून आलं. पर्समध्ये रुमाल शोधून वर बघते, तर शेजारची खुर्ची रिकामी.

सासूबाई स्टेजवर. कापसातून वाट काढत गेल्या, पोरीच्या उशाशी मांडी घातली आणि पिशवीतून डबा काढला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. घराबाहेर पडताना ती बाई डब्याशिवाय कधी पडलीच नाही. झाकण उघडलं तसा पलीकडचा एक मेलेला इंग्रज उठून बसला. सासूबाईंनी त्याच्या हातावर अर्धी दशमी ठेवली आणि आमच्या पोरीचा गाल थोपटला.

"ऊठ बाय. दोन घास खा."

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आता पोरगी इंग्रजीत किंचाळणार, आणि उद्या म्हातारी तोच आवाज कानात घेऊन घरी जाणार.

पोरीनं डोळे उघडले नाहीत. मेलेलीच राहिली. आणि खुसपुसली, पण माइकजवळच पडली होती, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"आजी, मी मेलेय गं."

"मरू देत तुझं वैरी! अभद्र बोलू नगंस. आ कर."

"आत्ता नको ना आजी. नाटक आहे हे. घरी गेल्यावर खाते, तूच भरव मला. रुसू नकोस. आणि तू उद्या जाऊ पण नकोस."

सासूबाईंचा घास धरलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि भर सभेत, सगळ्या इंग्रजांसमोर, तिला खडसावलं, "एवढं बोलायला मरावं लागलं व्हय गं तुला?"