टेबलांच्या आधी श्री

आमच्या औरंगपुऱ्यातल्या वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात टाकीत पाणी साठत नाही, किस्से मात्र साठतात. त्यातले निम्मे एकट्या अण्णांच्या वेबसाइटचे. अण्णा म्हणजे वाळूजचे टँकरवाले. दुष्काळ लांबला, शहराबाहेर कॉलन्या वाढल्या आणि अण्णांचं बुकिंग ऑनलाइन झालं.

*

वेबसाइटची माहिती डेटाबेसमध्ये तक्त्यांत, म्हणजे टेबलांत साठते. प्रत्येक टेबलाच्या नावाआधी दोन-चार अक्षरं लागतात, त्याला प्रीफिक्स म्हणतात. आमचा 'डब्ल्यूपी' होता. हे अण्णांना सांगितलं, ही माझी चूक!

"नावाआधी कायतरी लागतंयच ना? मग 'श्री' लावा की! आमच्यात लग्नपत्रिकाबी श्रीशिवाय छापत नाय."

माझा जोडीदार इरफान यानं सगळ्या टेबलांना 'श्री' लावला. आतल्या परवानग्यांच्या नोंदी मात्र 'डब्ल्यूपी'च राहिल्या. अण्णांनी लॉगिन केलं, तर समोर पाटी: 'तुम्हाला इथे प्रवेश नाही.'

"टँकर माझे, ड्रायव्हर माझे, अन् मलाच परवानगी नाय व्हय?"

इरफान म्हणाला, "अण्णा, नल भी अपनाच है ना? पानी आता क्या?"

*

ते सुधारलं. पुढं चालू साइटचा सगळा खरा डेटा चाचणीसाठी ठेवलेल्या कॉपीवर ओढला. कॉपी अजून 'डब्ल्यूपी' शोधत होती. काहीच सापडेना, म्हणून तिनं कोरं पान दाखवलं: 'नमस्कार! नवी वेबसाइट सुरू करू या.' नेमके अण्णा शेजारीच!

"माझी साइट कुठं गेली?"

आमचे मालक काळे सर शांतपणे म्हणाले, "नवीन डिझाइन आहे, अण्णा. एकदम सुटसुटीत!"

*

मग मी कॉपीतही 'श्री' केलं. पण चाचणीचे मेसेज कुणाला जाऊ नयेत म्हणून कॉपीतले ग्राहकांचे खरे नंबर पुसून खोटे भरणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, बदलायची राहिली. तिनं 'डब्ल्यूपी' शोधलं, मिळालं नाही, तशी निवांतपणे म्हणाली: 'शून्य नोंदी बदलल्या. काम यशस्वी.' मी 'यशस्वी' तेवढं वाचलं आणि टेस्टचा मेसेज सोडला: 'तुमचा टँकर निघाला आहे.'

खऱ्या नंबरांवर!

तासाभरात अण्णांचा फोन. एका नव्या कॉलनीत उन्हात ड्रमांची रांग लागली होती. "ज्यानं केलं त्यानंच जाऊन सांगावं," सर म्हणाले, "नाहीतर उद्या येऊ नये." मी इरफानला घेऊन गेलो. रांग बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिल्याच ड्रमावर एक मावशी बसल्या होत्या. मी हात जोडले. "मावशी, मेसेज खोटा होता. चूक माझी. टँकर येणार नाही. तुमचा नंबर आजच पुसतो."

"नंबर पुसू नको बाबा," मावशी म्हणाल्या. "खऱ्या मेसेजला आजवर कुणीच आलं नाय. खोट्याला निदान तुम्ही दोघं तरी आलात!"