वाटीभर मधाचं वजन

थोरली डूख धरणारी बाई होती आणि तिनं ते कधी लपवलंही नाही. कोणी वाकडं बोललं तर ती उलट बोलायची नाही. मनात ठेवायची, मुरू द्यायची.

दोघा भावांच्या त्या बेकरीत मागची भट्टी थोरल्या सुनेकडे आणि पुढचं काउंटर धाकटीकडे. थोरलीच्या मधाच्या केकसाठी लोक लांबून यायचे, पण भट्टीपर्यंत कोण येतंय? सगळं कौतुक काउंटरवरच अडकायचं. तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "केक करतं कोण?" आणि धाकटी लाडात म्हणाली, "माझ्याच हातचा आहे. मदतीला आत एक बाई असते."

एक बाई! थोरली दाराआड गरम ट्रे घेऊन उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी ती मूग गिळून परत भट्टीकडे वळली. त्या दिवसापासून ती वाट बघत होती.

संधी आपल्या पायांनी चालत आली. एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरला रोजचे केक हवे होते, पण काउंटरवरच्या बाईंनी आपल्यासमोर एक करून दाखवावा अशी त्याची अट. सकाळी धाकटी घाईघाईनं आत आली.

"ताई, काय किती घालायचं तेवढं सांगा ना."

थोरलीनं सगळं नीट सांगितलं. धाकटीचा हिशोब सोपा होता: कोरडं ते काट्यावर, पातळ ते रेघांच्या प्लास्टिकच्या भांड्यात. दूध काय, पाणी काय, मापात आणि वजनात आकडा जवळपास एकच येतो, म्हणून तिचं आजवर निभावलं होतं. मधाचं तसं नसतं. मध अंगानं जड. दोनशे चाळीस मिलिलिटरची वाटी मधानं भरली की काटा तीनशे चाळीस ग्रॅम दाखवतो. म्हणूनच थोरली पातेलं काट्यावर ठेवून मध थेट त्यात ओतायची.

"आणि मध?"

"तीनशे चाळीस."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. 'ग्रॅम' एवढा एकच शब्द तिनं गिळला, आणि तो फार गोड लागला.

मॅनेजरसमोर काउंटरवर धाकटीनं भांडं तीनशे चाळीसच्या रेघेपर्यंत भरलं. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो मध! आतल्या दारात उभ्या थोरलीचा हात सवयीनं शिवशिवला. तिनं तो पदरात गुंडाळला. थांबवलं असतं तर थांबलं असतं, पण ती कशाला थांबवतेय?

भट्टीत केक अर्ध्या वेळातच वरून काळा पडला. बाहेर काढला तसा मधोमध बसला. मॅनेजरनं कापला, तर सुरीला नुसता चिकट लगदा. धाकटीचा चेहरा पडला आणि थोरलीच्या काळजाला गारवा मिळाला. चांगलीच जिरली, ती मनात म्हणाली.

तेवढ्यात धाकटीची नजर दाराकडे गेली. ती आली, थोरलीचा हात धरून तिला पुढे घेऊन गेली आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, खरं सांगते. केक माझा नाहीच. आमच्या थोरल्या जाऊबाईंचा. मापंसुद्धा त्यांचीच, मी फक्त त्यांनी सांगितलं तसं केलं."

हे वाक्य ऐकायला थोरलीनं कितीतरी वर्षं कान टवकारले होते. धाकटीच्या डोळ्यांत लबाडी आहे का, ते तिनं शोधलं. तिला काही कळेना.

मॅनेजरनं काळ्या केककडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"असं होय. म्हणजे हा केक तुमचा?"

'माप ग्रॅमचं होतं' म्हणावं, तर लगेच पुढचा प्रश्न आला असता: मग सकाळी का नाही सांगितलंत? धाकटीनं हात अजून सोडला नव्हता.

"हो," थोरली म्हणाली. "माझाच."