बॉर्डर काढली तेव्हा

माझे सासरे, आमचे आबा, जळगावात बोर्ड रंगवायचे. बोर्ड कुणाचाही असो, अक्षरांना काळी बॉर्डर हवीच आणि खाली कोपऱ्यात आबांचं नाव. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला. मी कम्प्युटर शिकून आलेली सून. आता दुकान माझ्या माउसवर चालणार की शटर कायमचं खाली ओढायचं, एवढाच प्रश्न उरला होता.

पहिलं काम आलं आइस्क्रीमवाल्याचं. बोर्ड छापील, पण त्यावरचं नाव निऑनच्या नळीसारखं पेटलेलं दिसलं पाहिजे. "जमत नसेल तर सांगा ताई, पुण्याला देतो," म्हणाला. अस्सा राग आला मला! "उद्या सकाळी या," म्हटलं आणि बसले.

लालभडक अक्षरं काढली, सवयीनं काळी बॉर्डर दिली. पेटतंय कसलं डोंबल! आणखी भडक केलं, तरी लाल ते लालच.

दिवेलागणीला वैतागून मागच्या अंगणात गेले. आबा कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजत होते. मी नुसती निखाऱ्यांकडे बघत बसले. निखारा सगळा लाल कुठे होता? मधोमध पिवळट पांढरा, कडेला लाल, आणि ती लाली आबांच्या धोतरावर पसरलेली. "अगं बाई!" म्हणत मी आत पळाले.

जाड गडद लाल रेघ काढली, तिच्यावर बारीक, जवळजवळ पांढरी, आणि मधल्या छटा कम्प्युटरकडून भरून घेतल्या. मागची भिंत काळपट करून तिच्यावर लालसर धूसर उजेड सोडला. काळी बॉर्डर मात्र ठेवली. आबांच्या दुकानातलं अक्षर बॉर्डरशिवाय बाहेर कसं जाणार? पण तिनंच सगळा उजेड अडवला होता, हे मलाही दिसत होतं.

आबा मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघून त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हाई बॉर्डर काढी टाक व माय. उजेडले काठ ऱ्हास का?"

खरंच, उजेडाला कुठे काठ असतो? जन्मभर जी बॉर्डर मारली, ती त्यांनी एका वाक्यात सोडली. मी ती काढली आणि अक्षर पेटलं.

सकाळी आइस्क्रीमवाला बघतच राहिला. "हेच छापा," म्हणाला. मी खूश होऊन कोपऱ्यात आबांचं नाव लिहायला घेतलं.

"मनं नाव पुसी टाक," आबा म्हणाले. "तुनं लिख."

आबांचे उपकार कसे फेडू? माझंच नाव टाइप करायचं होतं, पण पाण्यानं भरलेल्या डोळ्यांना बटणं दिसेनात.