काळ्या पानांची खोली

वच्छलाबाई सकाळी उठल्यावर आधी तोंड धूत नसत. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळायच्या, मागच्या खोलीत जायच्या आणि वेलाच्या शेंड्यावरचा मिटलेला कोंब त्या बोळ्यानं टिपून ओला करायच्या. नवं पान एका पातळ आवरणात गुंडाळलेलं असे. हवा कोरडी असली की ते आवरण पानाला चिकटून बसतं, आणि पान सुटायच्या धडपडीत फाटतं. पांढुर्ण्याची हवा पावसाळा सोडला तर कोरडीच. म्हणून हा बोळा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी धरावी तशा त्या तो कोंबावर धरून उभ्या राहायच्या, चहाची वेळ होईपर्यंत.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तिथे संत्र्याचे रिकामे कॅरेट रचलेले असत. आता खिडकीवर ओलं बारदान टांगलेलं, कोपऱ्यात कूलर, आणि जाम नदीतले गोटे भरलेली पाण्याची परात. मधोमध कुंडी. कुंडीत उभ्या केलेल्या पाइपाला काथ्या आणि शेवाळ गुंडाळलं होतं, आणि त्याला मुळांनी घट्ट धरून वेल छताकडे चढला होता. पानं कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढी लांब, जवळजवळ काळी, मखमलीसारखी मऊ, त्यांवर सोनेरी शिरा. नवं पान मात्र तांब्याच्या रंगाचं निघे आणि मग हळूहळू काळं पडे. फिलोडेंड्रॉनची ही दुर्मीळ जात दूरच्या पावसाळी जंगलातली. तिला ऊन नको, वारा नको, कोरड नको. दार उघडं राहिलं तर पानांच्या कडा करपायच्या. त्यामुळे आत गेलं की वच्छलाबाई आपल्यामागे दार लावून घेत.

त्यांचं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू जाई. एकदा शेजारची जयश्री कुंपणाशी येऊन म्हणाली, "काकू, नातू आला का हो घरी? सांगतलं नाही ते! सकाळपासून 'उघड न व माय, उघड' चालू हाये तुमचं."

"नातू असता तं रडला असता व," वच्छलाबाई म्हणाल्या. "हे मुकं हाये. हेच जास्त तरास देते."

वेल त्यांच्या मुलीचा, अश्विनीचा. कंपनीनं तिला पुण्याहून हॉलंडला पाठवलं, तेव्हा ती खोका मांडीवर घेऊन रात्रभर रेल्वेत बसून आली होती. "आई, वर्षभर सांभाळ. असा वेल लवकर मिळत नाही गं." एका वर्षाची तीन वर्षं झाली. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. ती आधी वेल दाखवायला सांगायची, मग आईला म्हणायची, "आता तू दिस."

वच्छलाबाईंना जायचं होतं ते फक्त रामाकोन्याला. तिथे त्यांची थोरली बहीण देवकाबाई माहेरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. नवरा गेल्यावर ती परत आली ती तिथलीच झाली. सौंसरला गाडी बदलली तरी सगळी मिळून दोन-अडीच तासांची वाट. देवकाबाई दर उन्हाळ्यात एकच म्हणायची, "वच्छे, एक पावसाळा माह्याजवळ काढ. बस, एक. मंग नको येऊ."

वच्छलाबाईंनी नाही कधीच म्हटलं नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या पांढुर्ण्याला आल्या, तेव्हा घरात एक म्हैस होती. ती फक्त त्यांच्या हाताला पान्हा सोडायची. म्हैस विकली तोवर सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्या गेल्या तेव्हा अश्विनीची दहावी आली, मग बारावी. दोन दिवसांहून जास्त माहेरी राहणं त्यांना आठवतच नव्हतं. कोणी कधी कडी लावली नव्हती. फक्त प्रत्येक वेळी घरात कुणाला तरी पाणी पाजायचं असे, आणि ते त्यांच्याच हातून.

त्यांचे यजमान केशवराव वाईट माणूस नव्हते. सारी हयात त्यांनी संत्र्याच्या बगीच्यात काढली होती. गुडघे गेल्यावर सावरगावकडचा बगीचा पुतण्या गजेंद्रच्या हवाली केला आणि ते समोरच्या खोलीतल्या दिवाणावर बसले. पुतण्या आता त्यांना काही विचारायला येत नसे. रामाकोन्याचा विषय निघाला की ते म्हणत, "जा न. म्या कुठं धरलं तुले? मी डबा लावतो. पन पोरीच्या झाडाचं कोन पाहीन?"

या वर्षी मे महिन्यात देवकाबाईचं सौंसरला मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यात थेंब टाकायला कोणीतरी हवंच होतं. वच्छलाबाईंनी त्या रात्री जेवताना सरळच सांगितलं, "मी दहा-बारा दिवस जाऊन येतो. तेवढ्यात झाड तुम्ही नीट सांभाळलं, तं सारा पावसाळा मी तिकडे राहीन. पोळ्याले वापस येतो."

केशवराव हसले. "हजार झाडं वाढवली म्या, वच्छले. अन् हे एक, भांड्यातलं!"

तरी वच्छलाबाईंनी आठवडाभर नवऱ्याला शिकवलं. शेवाळ कधी ओलं करायचं, बारदान कधी भिजवायचं, बोळा कसा धरायचा. केशवराव कुंडीजवळ स्टूल टाकून बसत आणि मान हलवत. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या पुढ्यात झाड आलं होतं. ते पानं उलटून पाहत, मातीचा वास घेत. "फूल येते का याले?" त्यांनी विचारलं.

"अश्विनी म्हनते घरात येत नाही."

"कसं येत नाही," केशवराव स्वतःशीच म्हणाले.

रामाकोन्यातल्या पहिल्या सकाळी वच्छलाबाईंचा हात जाग येताच कापूस शोधू लागला. मग त्यांना आठवलं. त्या तशाच पडून राहिल्या. अंगणात चिमण्या भांडत होत्या, आणि उठायला काही कारण नव्हतं. डोळ्यावर हिरवं झापड बांधलेली देवकाबाई शेजारच्या खाटेवरून म्हणाली, "जागी हायेस न? मंग बोल काही. मले दिसत नाही तं आयकू तरी येऊ दे."

दिवस असे गेले की मोजायचं राहून गेलं. दुपारी दोघी झोपायच्या. एवढं झोपायची वच्छलाबाईंना लाज वाटायची आणि पुन्हा झोप यायची. अंगणाच्या कडेला भेंडी लावायची का वाल, यावर त्यांचा दोन दिवस वाद झाला. जून लागला की बी आणायचं ठरलं. फोनवर केशवराव आनंदात असत. "झाड एकदम मस्त हाये. तू ये तं खरी, पाह्यजो!"

परतल्या दिवशी वच्छलाबाईंनी पिशवी दारातच ठेवली आणि सरळ मागच्या खोलीकडे गेल्या. दार सताड उघडं होतं. खिडकीवरचं बारदान घडी करून कोनाड्यात ठेवलेलं. कूलर बंद. परात कोरडी, गोटे पांढरे पडलेले. दुपारचं ऊन खोलीत थेट कुंडीपर्यंत आलं होतं, आणि पाइपावर वेलाची काठी उरली होती. पाइपावरचं शेवाळ सोलून काढलेलं होतं, मुळं उघडी, दोऱ्यांसारखी वाळलेली. शेंड्याचा कोंब कापलेला. खाली पडलेली पानं केशवरावांनी झाडून एका बाजूला लावली होती. ती चुरगळलेल्या कागदासारखी वाजत होती.

केशवराव मागोमाग लंगडत आले. त्यांच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता आणि चेहरा उजळलेला.

"भेऊ नको. मृगाचा ताण देल्ला म्या याले," ते म्हणाले. "मे लागला का बगीच्याचं पानी तोडतो न आपन? झाड पान टाकते, सुकते, पाहनाऱ्याले वाटते मेलं. मंग पानी सोडलं का फुलानं भरून जाते. मुळं मोकळी केली, ऊन लागू देल्लं. वरचा तो कोंब पानसोट होता, सारं पानी वढून घेत होता. तोही काढला. तू आतापावतर नुसतं लाडावून ठेवलं होतं त्याले." मग तांब्या त्यांच्या पुढे करत ते थोडे लाजल्यासारखे झाले. "पानी म्या आजच सोडनार होतो. म्हटलं, तू आल्यावर तुह्या हातानं सोडू."

वच्छलाबाईंनी तांब्या घेतला. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. संत्र्याला जे चालतं ते याला चालत नाही, हे आता सांगून झाड परत येणार नव्हतं. त्यांनी पाणी कुंडीत ओतलं. माती इतकी आवळली होती की पाणी कडेकडेनं सरळ खाली निघून फरशीवर आलं.

"पेईन, पेईन," केशवराव म्हणाले. "येळ लागते."

संध्याकाळी वच्छलाबाईंनी अश्विनीला फोन लावला. काठी दाखवली.

"आई, बाबांना रागावली नाहीस ना?"

"नाही व."

"जाऊ दे मग. खरंच जाऊ दे. झाडच आहे. मीच तुझ्या गळ्यात मारलं, इतकी वर्षं. आता फेकून दे आणि मावशीकडे जा. मी सांगते आहे ना, जा."

फोन ठेवल्यावर वच्छलाबाई खोलीत बसून राहिल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी स्वतःहून मोकळं सोडलं होतं. घरात पाणी पाजायचं कुणी उरलं नव्हतं. पिशवी अजून दारातच होती, उघडलीही नव्हती. सकाळची सौंसरची गाडी मिळाली असती. फरशी पुसून ओला झालेला पदर कपाळावर दाबून त्या या विचाराभोवती फिरत राहिल्या, आणि तो त्यांना रिकाम्या अंगणासारखा वाटला. त्यात कुठे उभं राहावं कळेना.

मग त्या उठल्या. काठी नखानं खरवडून पाहत खाली खाली आल्या. सगळी तपकिरी होती. अगदी मातीलगतच्या पेऱ्यावर मात्र नख ओलं झालं. हिरवं होतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. त्यांनी विळीवर तो पेरा कापला, काचेच्या बरणीत पाणी घेतलं आणि त्यात ठेवला. हे करताना कुणी त्यांना सांगत नव्हतं. समोरच्या खोलीत केशवराव बातम्या पाहत होते.

अश्विनीनं मावशीलाही कळवलं होतं. देवकाबाईचा फोन आला तेव्हा बारदान भिजवून पुन्हा टांगलेलं होतं.

"मेलं न झाड? मंग येतं का उद्याच?"

"एक पेरा जिवंत हाये, बाई. मूळ फुटलं का येतो."

"अश्विनीनं तं फेक म्हटलं म्हने."

"म्हटलं."

"मंग आता तुले कोनं धरलं व, वच्छे?"

वच्छलाबाईंनी बरणी दिव्याकडे फिरवली. "मूळ फुटलं का येतो," त्या पुन्हा म्हणाल्या.

मूळ आषाढात फुटलं. रामाकोन्याला अंगणात तोवर देवकाबाईची भेंडी लावून झाली होती, एकटीनंच. मूळ फुटल्यावर कुंडीत लावणं आलं. कुंडीत लावल्यावर पहिलं पान येईपर्यंत थांबणं आलं. ते अर्धवट फाटून आलं, म्हणून दुसऱ्याची वाट. पोळा झाला. केशवराव अधूनमधून खोलीच्या दाराशी येऊन पाहत आणि म्हणत, "पाह्य, म्हनलं होतं न, ताण देल्ला का फुटतेच." वच्छलाबाई हो म्हणत. जयश्रीनं एकदा विचारलं, काकू, बहिणीकडे जाणार होत्या न? तर त्या म्हणाल्या, "जाऊन राहिलो न. आताच तं निघून राहिलो," आणि दोघी हसल्या.

पौषातल्या एका सकाळी केशवरावांना चहा मिळाला नाही. ते उठून पाहायला गेले, तर वच्छलाबाई अंथरुणातच होत्या, कुशीवर, हात उशाखाली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. वय साठीच्या आतलं.

आदल्या संध्याकाळी देवकाबाईचा फोन आला होता. तिच्याकडे कोणीतरी ओल्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या होत्या, पातेलंभर उकडल्या होत्या आणि खाणारं कोणी नव्हतं. ती म्हणाली, शनिवारी ये, शेंगा संपायच्या आत. वच्छलाबाई म्हणाल्या, पाहू. मग इकडचं तिकडचं झालं, थंडीचं, गुडघ्यांचं, डोळ्याच्या नव्या चष्म्याचं. फोन ठेवता ठेवता त्यांना काहीतरी आठवलं.

"अन् बाई," त्या म्हणाल्या, "शेंगांत मीठ कमी टाकत जा व, तुले बीपी हाये."